चाकापुरतं बंद

भात कापून झालं, उडव्या रचल्या गेल्या आणि अंगणाअंगणांत शेकोट्या दिसू लागल्या, की आमच्या रोह्याच्या आसपासच्या डोंगररस्त्यांवरची रात्रीची वर्दळ बदलते. दिवसा तीच एसटी, त्याच विक्रम, धाटावच्या कारखान्यांत पाळीला जाणाऱ्या त्याच मोटारसायकली. रात्री अकरानंतर मात्र एखादी गाडी अशी येते, की तिच्या चालीवरून तिला कुठे पोहोचायचं आहे असं वाटतच नाही. घाटात गाडी चढताना जोर करते, ही करत नाही. सावकाश जाते, वळणावर थबकते, मागच्या खिडकीतून उजेडाचा झोत निघतो आणि बांधांवरून, उतारावरून, करवंदीच्या जाळ्यांवरून फिरून परत आत जातो. मग गाडी पुढच्या वळणापर्यंत सरकते.

आमचं शेतघर अशाच एका रस्त्याला लागून आहे, त्यामुळे ही चाल ओळखीची झाली आहे. झोतात काय शोधलं जातं तेही ठाऊक आहे. ससा उजेडात सापडला की पळायचं विसरतो. भेकराचे डोळे दुरून चमकतात. डुक्कर थांबत नाही, पण कुठून गेलं ते दाखवून जातं. गाडीतल्या माणसाला खाली उतरण्याचीही गरज नसते.

कायद्याने आपल्याकडे शिकारीला हंगाम नाही, कारण शिकारच नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ साली आला तेव्हा त्यात शिकारीचे परवाने होते. लहान सावजाचे वेगळे, मोठ्याचे वेगळे. १९९१च्या दुरुस्तीने ते गेले आणि कलम ९ने सरसकट बंदी घातली. माणसाच्या जिवावर उठलेलं किंवा उभ्या पिकाची नासाडी करणारं जनावर मारायला अधिकाऱ्याची लेखी परवानगी मिळू शकते, अशा मोजक्याच वाटा उरल्या. तरीही रानात हंगाम आहेच. डिसेंबरपासून गवत वाळतं, साग-ऐनाची पानं झडतात आणि नजर लांबवर पोचायला लागते. मार्चनंतर पाणी मोजक्या जागी उरतं आणि जनावर कुठे येणार हे सांगायला शिकारी लागत नाही. मधे शिमगा येतो; शिमग्याच्या सुमारास पारधीला जायची चाल कोकणात जुनी. या सगळ्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे, तोवर रस्ते सुकलेले असतात.

पावसाळ्यात डोंगरातला कच्चा रस्ता बंद करायला वनखात्याला काही करावं लागत नाही. लाल चिखल ते काम करतो. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत जिथे बैलसुद्धा गुडघाभर रुततो, तिथे नोव्हेंबरात मोटारसायकल जाते आणि जानेवारीत चारचाकी. हे रस्ते शिकारीसाठी कुणी केलेले नाहीत. कधीकाळी कूप तोडताना लाकूड ओढायला ट्रक गेले, त्यांची चाकोरी राहिली. विजेच्या मनोऱ्यांचं सामान वर न्यायला कुणी वाट फोडली. वणवा पसरू नये म्हणून वनखातं जाळरेषा काढतं; गवत जाळून साफ केलेला तो पट्टा गाडीला आयता रस्ता होतो. अलीकडे फार्महाऊसवाल्यांनी डोंगराच्या कुशीत घेतलेल्या प्लॉटांपर्यंत मुरूम टाकला आहे. प्रत्येक वाट वेगळ्या आणि बहुधा रास्त कारणासाठी झाली. सगळ्या मिळून त्यांनी रानाचं जे केलं त्याची जबाबदारी मात्र कुणावर येत नाही.

आमच्याकडे कामाला येणारा एक म्हातारा तरुणपणी हाकाऱ्याला जात असे. त्याचं वय त्यालाही नक्की माहीत नव्हतं, पण मुरूडच्या नवाबाच्या काळातल्या गोष्टी त्याने बापाकडून ऐकल्या होत्या. आज फणसाड अभयारण्य म्हणतात तो डोंगर तेव्हा जंजिरा संस्थानात होता आणि ते सिद्दी नवाबाचं राखलेलं शिकारीचं रान होतं. १९४८ साली संस्थान विलीन झालं, १९८६ साली अभयारण्य जाहीर झालं. किनाऱ्याला इतकं जवळ असलेलं हे रान टिकलं, ते बऱ्याच अंशी एका माणसाच्या हौसेसाठी बाकी सगळ्यांना बंद राहिलं म्हणून. यात न्याय शोधायला जाऊ नये. ज्याच्या भातात नवाबाचं डुक्कर शिरलं त्याला ते मारायची मुभा नव्हती, आणि हाकाऱ्याला बोलावणं आलं की त्यालाच ढोल घेऊन जावं लागत असणार.

म्हातारा शिकारीबद्दल बोलायचा तेव्हा त्यातला बराचसा भाग चालण्याचा असे. पहाटे निघायचं, वाऱ्याची दिशा बघायची, ओढ्याच्या कोणत्या बाजूने रान उठवायचं ते ठरवायचं, दिवसभर ओरडत काटे तुडवायचे आणि बहुतेक वेळा हात हलवत परत यायचं. मिळालंच तर वाटे पडायचे, हाकाऱ्याचा वाटा, बंदुकीचा वाटा, देवाचा वाटा. रात्रीच्या गाड्यांविषयी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "गाडीवाल्याला रान दमवत नाय." एवढंच म्हणाला आणि तंबाखू मळायला लागला.

या वाक्यात जे आहे ते कायदा करणाऱ्यांनाही एकदा कळलं होतं. १९७२च्या मूळ कायद्यात कलम १६ होतं. परवाना असला तरी शिकार कशी करायची नाही, याची त्यात यादी होती आणि पहिलंच कलम-वाक्य चाकाबद्दल होतं: चाकाच्या किंवा यंत्रावर चालणाऱ्या वाहनातून, जमिनीवर वा पाण्यावर, शिकार करायची नाही, विमानातूनही नाही. जनावरं पळवायला, बिथरवायला मोटार वापरायची नाही. कृत्रिम उजेडात शिकार नाही, सूर्यास्त ते सूर्योदय शिकार नाही, पाणवठ्यावर दबा धरून नाही, शिकारीसाठी आग लावून नाही. १९९१मध्ये शिकारच संपूर्ण बंद झाली म्हणून हे कलम गाळलं गेलं. तर्काला धरूनच आहे. जे करायचंच नाही ते कसं करायचं नाही हे कशाला सांगायचं? पण त्या यादीबरोबर एक शहाणपणही कायद्याच्या पुस्तकातून गेलं. ती यादी म्हणजे जनावराला उरलेल्या सवलतींची यादी होती. अंधार, अंतर, आणि माणसाचा थकवा. शिकारी दमतो, परत जातो, म्हणून रान रात्रीपुरतं तरी जनावराचं राहतं. चाकाने यातलं अंतर काढून घेतलं, दिव्याने अंधार काढून घेतला.

देशभरात हे आधीच घडून गेलं होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या जुन्या जीप लोकांच्या हाती आल्या आणि जिथे घोडा किंवा हत्ती घेऊन जावं लागे तिथे चार जण रात्रीत जाऊन यायला लागले. आपल्या देशातले शेवटचे म्हणून नोंदलेले तीन चित्ते १९४७ साली कोरिया संस्थानात, म्हणजे आजच्या छत्तीसगडात, तिथल्या महाराजांनी मारले. तेही रात्री, मोटारीतून जाताना, दिव्याच्या उजेडात. १९५२मध्ये चित्ता देशातून नाहीसा झाल्याचं जाहीर झालं. धावण्यासाठी जगात नावाजलेलं जनावर एका जागी असताना गाडीतून टिपलं गेलं.

शिकार कायदेशीर आहे अशा देशांत वाहनबंदीचा विचार अधिक बारकाईने झालेला दिसतो, हे ऐकायला विचित्र वाटेल. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या राज्यांत शरदात एल्कच्या शिकारीचा हंगाम असतो. एल्क म्हणजे आपल्या सांबराच्या कुळातलं, त्याहून थोराड हरीण. परवाना काढायचा, नेमलेल्या तारखांना, नेमलेल्या भागात जायचं. आणि याच दिवसांत तिथले बरेच डोंगररस्ते वाहनांना बंद होतात. वॉशिंग्टन राज्यात काही भागांत हिरव्या ठिपक्याची पद्धत आहे. रस्त्याच्या तोंडाशी खांबावर हिरवा ठिपका असेल तरच गाडी न्यायची, ठिपका नसलेला प्रत्येक रस्ता बंद. म्हणजे 'बंद'ची पाटी लावायचीच नाही, 'चालू'ची लावायची. बंदची पाटी कुणीतरी उखडून टाकतो आणि मग पाटीच दिसली नाही म्हणतो. ठिपका उखडला तर रस्ता आपोआप बंदच ठरतो. आमच्याकडच्या पाट्यांची स्थिती ज्यांनी पाहिली आहे त्यांना यातली अक्कल समजावून सांगायला नको. तिथल्या केंद्रीय वनखात्याने २००५ साली नियम करून प्रत्येक राष्ट्रीय वनाला वाहनांचा नकाशा काढायला लावला. कोणत्या रस्त्यावर कोणतं वाहन आणि कोणत्या महिन्यांत, हे त्यावर छापलेलं असतं आणि तो नकाशा फुकट मिळतो. नकाशावर रस्ता नसेल तर तो गाडीसाठी नाही.

मला त्यातली सर्वांत विचार करण्यासारखी गोष्ट वेगळीच वाटते. तिथे असा रस्ता बंद झाला म्हणजे रान बंद झालं असं बहुतेक वेळा नसतं. फाटकाशी गाडी लावा आणि चालत जा. बंदूक घेऊनसुद्धा जा. घोड्यावरूनही अनेक ठिकाणी जाता येतं. अपंग शिकाऱ्यांना काही ठिकाणी वेगळी परवानगी मिळते. बंदी माणसावर नसून चाकावर असते. ओरेगॉन राज्यात स्टार्की नावाचं प्रायोगिक जंगल आहे. १९८९पासून तिथे एल्कच्या गळ्यात रेडिओपट्टे बांधून ते माणसाला कसे टाळतात याचा अभ्यास चालला आहे. वाहनं फिरणाऱ्या रस्त्यांपासून एल्क लांब सरकतात. इंजिनाच्या चारचाकी बाइकला आणि डोंगरी सायकललाही ते पायी चालणाऱ्यापेक्षा किंवा घोडेस्वारापेक्षा जास्त बिचकतात. म्हाताऱ्याला हे सांगितलं असतं तर त्याने तंबाखूचा बार भरला असता आणि हे शोधायला पट्टे कशाला बांधले, असं विचारलं असतं.

आपल्या कायद्याची घडण उलटी आहे. इथे आधी माणूस बंद होतो. वन्यजीव कायद्याच्या कलम २७प्रमाणे अभयारण्यात कोण शिरू शकतं ते ठरलेलं आहे. कामावरचा सरकारी नोकर, आत राहण्याची परवानगी असलेला, आत जमीनजुमल्याचा हक्क असलेला, त्यांच्या घरची माणसं, आणि सार्वजनिक हमरस्त्याने आरपार जाणारा वाटसरू. बाकीच्यांना कलम २८ची परवानगी लागते. अभ्यास, छायाचित्रण, पर्यटन, आत राहणाऱ्याशी काही रास्त व्यवहार, अशा कामांसाठी ती मिळते. फणसाडला सुपेगावाकडून जाताना नोंद करून, पैसे भरून आत सोडतात, ते या परवानगीचंच साधं रूप. वाटसरूची सवलत मात्र वाचण्यासारखी आहे. ती रस्त्याने जाणाऱ्याला आहे. रस्त्यावर थांबून झोत फिरवणाऱ्याला नाही आणि डांबर सोडून खाली उतरणाऱ्यालाही नाही. शिकारीच्या व्याख्येत सावज पळवणं, त्याला आमिष लावणं आणि तसा नुसता प्रयत्न करणंही येतं, तेव्हा गोळी सुटेपर्यंत थांबायचं कारण नाही. पण गाडीने वळणावर जरा वेग कमी केला म्हणून 'प्रयत्न' सिद्ध करायला वनरक्षकाने काय दाखवायचं? तो रात्री एकटा असतो, त्याच्या हाती काठी आणि बॅटरी. गाडीत चौघे असतात आणि त्यांच्याकडे काय आहे हे त्याला जवळ गेल्याशिवाय कळणार नसतं.

याच कायद्यात वाहनाची व्याख्या आहे. जमिनीवर, पाण्यात किंवा हवेत फिरण्याचं कोणतंही साधन, आणि त्यात बैल, रेडा, उंट, हत्ती, घोडा, खेचर आणि गाडाही मोडतो. शिकारीत वापरलेलं आणि जप्त झालेलं वाहन कलम ३९प्रमाणे सरकारजमा होण्याची तरतूद आहे. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने असं स्पष्ट केलं, की नुसत्या आरोपावर गाडी सरकारची होत नाही. खटला चालू असताना ती परत द्यायची की नाही हे दंडाधिकारी ठरवू शकतो. निकाल योग्यच वाटतो. तरी गाडी जाण्याची धास्ती हीच आमच्याकडे खरी जरब आहे, दंडाची नाही. २०२२च्या दुरुस्तीने दंडाची कमाल रक्कम पंचवीस हजारांवरून एक लाखावर नेली. पण ज्याची गाडीच पंधरा-वीस लाखांची त्याला लाखाचा दंड हा हौसेचा खर्च वाटू शकतो. गाडी वर्षभर ठाण्याच्या आवारात उन्हापावसात सडली तर मात्र तो घरी तोंड दाखवू शकत नाही. जुन्या मोटारसायकलवरून फासकी लावायला गेलेल्या पोराची गाडी जाते तेव्हा त्याची रोजीच जाते. कायद्याच्या तराजूत दोन्ही वाहनं सारखी आहेत.

अभयारण्याबाहेरचं रान हे वेगळंच प्रकरण. रोह्याचे बहुतेक डोंगर अभयारण्यात नाहीत, राखीव वनात आहेत. तिथे १९२७चा भारतीय वन अधिनियम लागतो. त्याच्या कलम २५ची मला नेहमी गंमत वाटते. राखीव वनातली सार्वजनिक किंवा खाजगी वाट वन अधिकारी वरची मंजुरी घेऊन बंद करू शकतो; पण अट अशी, की बऱ्यापैकी सोयीची दुसरी वाट आधीपासून असली पाहिजे किंवा त्याने ती करून दिली पाहिजे. इंग्रजांनी केलेला कायदा, ज्याने आपल्या डोंगरातल्या माणसांना शतकभर आपल्याच रानात चोरासारखं वावरायला लावलं, त्यातही वाट बंद करण्याआधी दुसरी वाट दाखवण्याचं भान होतं. आजची फाटकं उभी करताना हे कलम कुणी वाचत असेल असं दिसत नाही. कर्नाटकात बंडीपूरच्या जंगलातून जाणाऱ्या महामार्गावर २००९पासून रात्री नऊ ते सकाळी सहा वाहनं बंद आहेत. कारण शिकारीचं नव्हतं, गाड्यांखाली जनावरं मरत होती हे होतं. पण बंदीचा आकार घेण्यासारखा आहे. माणसाला नाही, रात्रीच्या चाकाला. रुग्णवाहिका आणि ठरावीक बस सोडतात आणि लांबच्या का होईना पर्यायी रस्त्याकडे बोट दाखवतात. पलीकडच्या केरळातले लोक त्यावर अजून नाराज आहेत, हेही खरं.

फाटकाचा प्रश्न आमच्याकडे येतो तेव्हा तो शिकाऱ्यापाशी थांबत नाही. पेणच्या पूर्वेच्या डोंगरांत, सुधागडात, रोह्यातही ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्या आहेत, जिथे अजून धड रस्ता पोचलेला नाही. बाळंतीण किंवा साप चावलेला माणूस झोळीत घालून खाली आणावा लागतो आणि अशी बातमी दर पावसाळ्यात वर्तमानपत्रांत येते. रस्ता का नाही, तर मधे वनजमीन आहे. २००६च्या वनहक्क कायद्याने यावर उपाय ठेवला आहे. ग्रामसभेने ठराव करावा, एक हेक्टरच्या आत जमीन लागत असेल आणि हेक्टरी पंचाहत्तरहून जास्त झाडं तुटत नसतील तर रस्ता, शाळा, दवाखाना, पाण्याची योजना यांना वनजमीन मिळू शकते. तोच कायदा पारंपरिक हक्कांची यादी करताना शिकार आणि सापळे लावण्याचा हक्क मुद्दाम वगळतो. एकाच कायद्याने वाडीला रस्ता दिला आणि शिकार दिली नाही, यात मला विसंगती दिसत नाही. विसंगती जमिनीवर दिसते. रुग्णवाहिका जाऊ शकेल असा रस्ता वर्षानुवर्षं फाइलीत असतो आणि त्याच डोंगरावर मनोऱ्याच्या वाटेने मुंबई-पुण्याची गाडी रात्री पठारापर्यंत गेलेली असते. वाडीच्या लोकांना ती गाडी माहीत असते. कधी तिच्यात त्यांच्यातलाच एक पोरगा वाटाड्या म्हणून बसलेला असतो. पाचशे-हजार रुपये आणि मटणाचा वाटा मिळतो. पकडला गेला तर तोच पकडला जातो, कारण पत्ता त्याचाच ठाऊक असतो.

शेतकऱ्याचं दुखणं यात मिसळलेलं आहे, ते बाजूला ठेवून बोललं तर आमच्याकडे कुणी ऐकून घेणार नाही. डुकरांनी भुईमूग, कंद, पसवलेलं भात एका रात्रीत उलथून टाकलं की माणूस कायद्याचा राहत नाही. पीक संरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक कोकणात घरोघरी नसली तरी गावोगावी आहे. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाला वनखात्याकडे वेगळी नोंद करावी लागते आणि नवीन परवान्याला त्यांची संमती लागते. निवडणूक आली की बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात. डुकरांना आचारसंहिता लागू नसल्यामुळे तेवढे आठवडे त्यांची चंगळ. या बंदुकीने रात्री शेतात उडालेला बार आणि रस्त्यावरून गाडीतून उडालेला बार कानाला सारखाच ऐकू येतो, आणि याचा फायदा गाडीवाला पुरेपूर घेतो. 'डुक्कर हाकत असतील' असं म्हणून गाव कूस बदलतं. सरपणाला जाणाऱ्या बाईच्या हातातला कोयताही कायद्याच्या शस्त्राच्या व्याख्येत ओढता येईल इतकी ती व्याख्या रुंद आहे. दिवसा ती अडवली जाते, कारण ती चालत असते आणि चालणाऱ्याला अडवणं सोपं असतं. रान राखायचं म्हणजे जो हळू चालतो त्याला अडवायचं, असा आपल्याकडे जवळजवळ रिवाज पडला आहे. आणि जो अडवायला हवा तो चाकावर असतो.

म्हणून फाटक नको म्हणणाऱ्यांत मी नाही. पठारावर जाणाऱ्या वाटांवर ते हवंच, पण चाकापुरतं आणि रात्रीपुरतं, दिवाळीपासून पाऊस पडेपर्यंत. पायी जाणाऱ्याला बाजूने वाट मोकळी असावी. तेवढ्या फटीतून एखादा फासकीवाला जाईल, हे मान्य. तो उद्याही वाडीतच असणार आहे, त्याच्याशी बोलता येतं. पठारापर्यंतच्या दोन तासांच्या चालीने बाहेरच्या हौशीतले दहापैकी नऊ जण गळतील, असा माझा अंदाज आहे.

शेजारच्या एका गावात अशा फाटकाची बोलणी झाली तेव्हा मी देवळात बसून होतो. वनपाल आले होते, समजूतदार माणूस. लोखंडी पाइप आडवा टाकू, रात्री दहा ते पहाटे पाच कुलूप, असं त्यांनी मांडलं. वर पठाराजवळ वाडी आहे, तिथून रात्री कुणाला उतरायचं झालं तर? चावी वनरक्षकाकडे, ते म्हणाले. वनरक्षक रात्री कुठे असतो, असा प्रश्न मागून आला आणि हशा झाला, त्यात वनपालही हसले. एकाच्या हाताखाली दोन-तीन डोंगर, तो कुठे म्हणून असणार? मग पोलीस पाटलांचं नाव निघालं. पाटलांचा पुतण्याच जीप भाड्याने देतो, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच बोललं नाही, पाटीलच म्हणाले, "माझ्याकडे एकट्याकडे नको बाबांनो, उद्या माझ्यावर येईल." सरपंचांनी आशाताईकडे पाहिलं. रात्री-अपरात्री गाडी लागते ती तिलाच.

ती लगेच म्हणाली, "मी पण एकटी नाही घेणार, भाऊ. ओळखीचा माणूस दारात आला तर नाही कसं म्हणू?"

बराच वेळ यावर घासाघीस झाली. एकाने कॅमेरा लावा म्हटलं. कॅमेऱ्याला वीज कुठून आणणार, हे त्यालाच विचारलं गेलं. तालुक्याला शिकणाऱ्या एका पोराने कलम २५ काढलं आणि दुसरी वाट कुठे दाखवणार ते विचारलं. वनपालांनी ते कलम वहीत टिपून घेतलं. शेवटी दोन चाव्या ठरल्या, एक पाटलांकडे, एक आशाताईकडे. जो उघडेल त्याने गाडीचा नंबर लिहायचा, आणि वही दूध डेअरीत ठेवायची, जी पहाटे चारला उघडते आणि जिथे सगळं गाव येतं. सरपंचांनी तिथल्या तिथे शाळेच्या वहीच्या पानावर रकाने आखले: तारीख, गाडीचा नंबर, वर जायची वेळ. आशाताईने पान आपल्याकडे ओढून घेतलं आणि परत खाली यायच्या वेळेचा रकाना घालायला लावला.